पोत्सुओलीतले बंधुजन

प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांना एकच गोष्ट आवडते: माल्टा बेटावर संत पौलाच्या हाताला डसलेला साप. पौलाने तो झटकून आगीत टाकला की मुलांचे लक्ष उडते, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांचेही. पुढच्या ओळी आपण नुसता प्रवासाचा हिशेब म्हणून वाचतो. सिराकूसला तीन दिवस, मग रेगियोन, मग दक्षिणेचा वारा सुटतो आणि दुसऱ्या दिवशी जहाज पुत्युलच्या बंदराला लागते. तिथे काही बंधुजन भेटतात आणि पौलाला व त्याच्या सोबत्यांना सात दिवस ठेवून घेतात. त्यानंतर ही मंडळी रोमला जातात. बंधुजनांची नावे नाहीत, घर कुठल्या आळीत होते ते नाही, पानात काय वाढले तेही नाही.

हे पुत्युल म्हणजे आजचे पोत्सुओली, इटलीतल्या नेपल्सच्या पश्चिमेला समुद्राकाठी वसलेले शहर. २०२५च्या पवित्र वर्षात आपल्या धर्मग्रामातले आम्ही नऊ जण रोमच्या यात्रेला गेलो होतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. निघताना तुम्हीच तर प्रार्थनेच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. चारही महामंदिरांची पवित्र द्वारे झाली, चिठ्ठ्या जागेवर पोहोचल्या, आणि हातात एक दिवस मोकळा राहिला. टूरवाल्यांनी पॉम्पेई सुचवले. आम्ही पोत्सुओली म्हटले तेव्हा त्यांनी ते नाव दोनदा विचारून घेतले.

त्या दिवशी २० सप्टेंबर होता, शनिवार. आदल्याच दिवशी नेपल्सच्या संत जनुआरियसचा, तिकडच्या भाषेत सान जेन्नारोचा, सण होऊन गेला होता. रोमहून नेपल्स आगगाडीने सव्वा तासाचे. तिथे स्टेशनखालीच मेट्रोची दोन नंबरची गाडी मिळते आणि ती थेट पोत्सुओलीपर्यंत जाते. उतरलो तोच वास आला. आमच्यातल्या मावशी, ज्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांचा वर्ग घेतात, पदर नाकाला लावून म्हणाल्या, "कुणीतरी अंडी उकडत ठेवून विसरलंय बघा." तो गंधकाचा वास. शहराच्या डोक्यावर सोल्फातारा नावाचे ज्वालामुखीचे विवर आहे, जमिनीतून वाफा निघतात. २०१७ साली तिथे एका कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला आणि तेव्हापासून ते लोकांना बंद आहे. अख्खे पोत्सुओलीच एका प्रचंड ज्वालामुखीच्या वाडग्यात बसलेले आहे. डोंगरासारखा सुळका दिसत नाही म्हणून कळत नाही, एवढेच.

स्टेशनापासून चार पावलांवर रोमनांचे रंगण आहे. इटलीत रोमचे कोलोसियम आणि कापुआचे रंगण सोडले तर याच्याएवढे मोठे तिसरे नाही. वरच्या पायऱ्या झिजल्या आहेत, पण खालचे तळघर जसेच्या तसे. ओळीने कमानी, मध्ये अंधारी वाट, आणि छताला चौकोनी भोके. त्या भोकांतून जनावरांचे पिंजरे वर ओढून घेत. ३०५ साली, डायोक्लेशन बादशहाच्या छळाच्या काळात, बेनेव्हेंतोचे बिशप जनुआरियस यांना याच रंगणात श्वापदांपुढे टाकण्याची शिक्षा झाली आणि शेवटी सोल्फाताराजवळ त्यांचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे. आता ते धरले कसे गेले ते ऐका, कारण आम्हांला ते तिथे उभे राहून जास्त लागले. मिसेनमचा सोसियस नावाचा उपधर्मगुरू आधी तुरुंगात होता. त्याला भेटायला जनुआरियस गेले, आणि भेटायला गेले म्हणून धरले गेले. मग पोत्सुओलीचाच उपधर्मगुरू प्रोक्युलस आणि दोन प्रापंचिक माणसे या शिक्षेविरुद्ध बोलली, म्हणून तीही त्याच रांगेत उभी केली गेली. नेपल्सला दरवर्षी गर्दी होते ती रक्त पातळ होण्याच्या चमत्कारासाठी. आमच्या मते तुरुंगातली ती भेटसुद्धा सणात सांगावी अशी आहे.

पौल आला तेव्हा मात्र हे रंगण बांधलेले नव्हते. तो साधारण इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये आला, रंगण त्यानंतरचे. म्हणून आम्ही जिन्याजिन्याने खाली बंदराकडे निघालो.

वाटेत एक गोष्ट पाहिली, ती शाळेतल्या मुलांना सांगण्याजोगी. रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर जुन्या रोमन बाजाराचे अवशेष आहेत. १७५० साली तिथे सेरापिस देवाची मूर्ती सापडली म्हणून पुष्कळ वर्षे लोक त्याला सेरापिसचे मंदिर म्हणत. होता तो बाजारच. संगमरवराचे तीन उंच खांब अजून उभे आहेत. त्या खांबांवर, माणसाच्या डोक्यापेक्षा बरेच वर, एक पट्टा आहे आणि त्यात बारीक बारीक भोके आहेत. ती समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली. म्हणजे ही जमीन खांबांसकट एवढी खाली गेली होती की तिथवर समुद्र होता, आणि पुन्हा वर आली. खांब पडले नाहीत. चार्ल्स लायेल यांनी १८३०च्या आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात पहिल्याच चित्रासाठी हे खांब घेतले. त्यामुळे पौलाच्या काळचे बंदर आज जसेच्या तसे दाखवता येत नाही. जुना किनारा बराचसा पाण्याखाली आहे, आणि त्या वेळच्या धक्क्याचे खांब आताच्या धक्क्याच्या पोटात गेले आहेत. "इथे पौलाने पाऊल ठेवले" असे बोट दाखवून म्हणता येईल अशी जागा आम्ही शोधत बसलो नाही.

ही वर-खाली होणारी जमीन जुनी गोष्ट नाही. बंदरावर एक खडक आहे, त्यावर जुनी वस्ती, रिओने तेर्रा. २ मार्च १९७० रोजी जमीन उचलली जाते आहे म्हणून तिथल्या सुमारे तीन हजार लोकांना घाईघाईने बाहेर काढले. १९८२ ते १९८४ मध्ये जमीन आणखी जवळजवळ पावणेदोन मीटर वर आली. बंदर इतके उथळ झाले की नावा लागेनात, आणि हजारो लोकांना शहर सोडून नव्या वसाहतीत जावे लागले. गेली काही वर्षे ती पुन्हा उचलते आहे. २० मे २०२४ च्या रात्री ४.४ रिश्टरचा धक्का बसला आणि माणसे पोराबाळांसकट रस्त्यावर आली. आम्ही गेलो तेव्हाही काही इमारतींना टेकू दिलेले दिसले. मावशींनी एकच विचारले, "त्या खडकावरची माणसं परत आली?" नाही. गल्ल्या, घरे, कमानी सगळे सुंदर दुरुस्त करून ठेवले आहे, पण १९७० साली निघालेली कुटुंबे तिथे पुन्हा संसार मांडायला आली नाहीत. बाल्कन्यांत वाळत घातलेला कपडा नाही. मावशी बराच वेळ गप्प होत्या. त्यांचे माहेर धरणात गेलेल्या गावातले.

त्या खडकाच्या माथ्यावर संत प्रोक्युलसचे कॅथेड्रल आहे. १९६४च्या मे महिन्यात त्याला आग लागली. सोनेरी नक्षीचे छत जळाले, गिलावा गळून पडला, आणि आतून रोमन मंदिराचे संगमरवरी खांब बाहेर आले. सम्राट ऑगस्टसच्या काळातले देऊळ चर्चच्या भिंतींच्या आत इतकी शतके उभेच होते. २०१४ साली कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा ते खांब झाकले नाहीत. खांबांच्या मध्ये काच बसवली आहे. वेदीपुढे गुडघे टेकले आणि मान वळवली की काचेतून बाहेरचा उजेड. या धर्मप्रांताने कॅथेड्रल दाखवण्याच्या कामात तुरुंगातून वाट काढणाऱ्या तरुणांना आणि स्त्रियांना घेतले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ ला रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात पवित्र द्वार उघडले होते, ते आम्हांला इथे आठवले. पौलही या शहरात कैदी म्हणूनच उतरला होता ना! ज्युलियस नावाचा शताधिपती बरोबर, पहारा बरोबर. त्याला घरी नेणे म्हणजे शिपायालाही दारात उभे करणे. शेजारपाजार काय म्हणाला असेल?

आणि ते बंधुजन कोण होते? संत लूक सांगत नाही. पण शहर कसे होते ते कळते, आणि त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. मिसर देशाचा गहू घेऊन अलेक्झांड्रियाची जहाजे इथे येत. पौल आला तेही अलेक्झांड्रियाचेच जहाज, त्यावर जुळ्या देवांचे चिन्ह. सेनेकाने आपल्या एका पत्रात लिहिले आहे की अलेक्झांड्रियाची टपालनौका दिसली की सगळे शहर धक्क्यावर धावते. यहुदी इथे होते. इतिहासकार योसेफस स्वतः पौलानंतर चारेक वर्षांनी जहाज फुटून, रात्रभर पोहून वाचला आणि शेवटी याच बंदरात उतरला. अरबस्तानच्या नबाती व्यापाऱ्यांच्या वेदी इथे समुद्रतळाशी सापडल्या आहेत. आणि सोर शहराच्या व्यापाऱ्यांचा एक शिलालेख आहे, इसवी सन १७४ मधला. त्यांनी मायदेशी पत्र धाडले: पूर्वी आम्ही पुष्कळ होतो, आता थोडे उरलो, इथल्या आमच्या जागेचे भाडे आम्हांला झेपत नाही, काहीतरी करा.

हे ऐकून आमच्या कमिटीचे काका हसले. "म्हणजे हॉलच्या भाड्याचं भांडण तेव्हापासूनच."

तुम्हांला माहीत आहे ते कशावर हसले. झारखंडहून बांधकामावर आलेली सहा कुटुंबे गेले वर्षभर आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकांवर बसतात. मराठी समजत नाही, कोकणी समजत नाही, पण एकही रविवार चुकत नाही. आपसांत सादरी बोलतात, आपल्याशी हिंदी. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये त्यांच्या भाषेत जपमाळ करू द्या, असा त्यांचा अर्ज आहे, आणि तो आम्ही निघेपर्यंत कमिटीपुढे पडून होता. काकांचे म्हणणे असे की आज हॉल मागतात, उद्या मिस्सा मागतील, आणि बेळगावात भाषेवरून आधीच काय कमी आहे? त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली, तेव्हा आपल्या सीमाभागात कोणाची लोकभाषा हा प्रश्न आला, आणि मराठी मिस्सेसाठी आपल्या आधीच्या पिढीने किती दारे ठोठावली ते घराघरांत सांगतात. जे कष्टाने मिळाले ते सांभाळावेसे वाटणारच.

हे सगळे बोलणे बंदरावर झाले, दुपारी, तळलेल्या माशांच्या कागदी द्रोणावर. आपल्या मांदेलीसारखेच बारीक मासे, लिंबू पिळून. समोरून प्रोचिदा आणि इस्किया बेटांकडे जाणाऱ्या बोटी सुटत होत्या. बोलता बोलता आम्ही त्या सहा घरांतल्या पुरुषांचे काम आठवले. ते खडी वाहतात, सिमेंट कालवतात. आणि सिमेंटच्या पोत्यावर काय छापलेले असते? पोझोलाना. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. तो शब्द याच गावाचा आहे. पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो चुना पाण्याखालीही दगडासारखा घट्ट होतो. हे रोमन गवंड्यांना कळले होते, व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे पोत्यात आता बहुतेक औष्णिक वीज केंद्राची राख असते, पण नाव हेच. ही माणसे रोज खांद्यावर पुत्युलचे नाव घेऊन मजले चढतात. काकांनी मोबाइलमधला आपल्या नव्या घराच्या बांधकामाचा फोटो मोठा करून पोत्यावरची अक्षरे वाचली. बोलले काही नाहीत.

मग मामा बोलले. मामा म्हणजे आपले बोटीवरचे मामा. तीस वर्षे मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते, आणि मुळात पोत्सुओलीचा हट्ट त्यांचाच होता, कारण नेपल्सच्या बंदरात ते पाच-सहा वेळा लागले होते आणि धक्क्याच्या पलीकडे एकदाच गेले होते. तेही नाताळच्या आदल्या संध्याकाळी. बंदरावर खलाशांसाठी काम करणाऱ्या धर्मगुरूंनी, स्टेला मारिसच्या, जहाजावर येऊन विचारले, कॅथलिक कोण कोण आहे? पाच जण निघाले. फादरांनी मध्यरात्रीच्या मिस्सेला नेले आणि त्याआधी एका घरी जेवायला.

"कुणाचं घर, नाव काय, तेव्हाच कळलं नाही मला," मामा म्हणाले. "म्हातारा-म्हातारी आणि एक लेक. त्यांना इंग्रजी येईना, आम्हांला इटालियन. खारवलेला मासा होता, मीठ नीट काढलं नव्हतं त्यांनी. भिजवायला पाहिजे होता अजून एक दिवस. आणि वाम होती तळलेली."

आम्ही पुढची वाट पाहत होतो. काका म्हणाले, "मग?"

"मग काय? जेवलो. म्हातारीनं परत वाढलं. मी जहाजात सतरा महिने लोकांना वाढत होतो, मला कुणी वाढलं नव्हतं."

एवढेच बोलून त्यांनी द्रोणातला शेवटचा मासा उचलला. मामा तसे देवभोळे नाहीत, रविवारी उपदेश चालू असताना बाहेर उभे राहतात हे सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच बहुधा त्यांचे ऐकून कोणी लगेच बायबलमधले वचन जोडले नाही.

परतीच्या गाडीत आम्ही पुन्हा तो अठ्ठाविसावा अध्याय काढला. एक गोष्ट दिसली, ती वर्गात शिकवताना कधी एवढी ठळक दिसली नव्हती. या प्रवासात लूक "आम्ही" असे लिहितो. आम्ही जहाजात बसलो, आम्ही पोहोचलो, आम्हांला बंधुजन भेटले. वादळात त्या पहिल्या जहाजावर दोनशे शहात्तर माणसे होती. त्यांत कैदी, शिपाई, खलाशी सगळे आले. पुत्युलला उतरेपर्यंत लूकच्या त्या "आम्ही"त नेमके कोण कोण होते ते सांगता येत नाही. आणि पुत्युलच्या लोकांनी ते विचारत बसल्याचे लूकने लिहिलेले नाही. पौलाने त्यांना आधी पत्र लिहिल्याची नोंद नाही. रोमच्या मंडळीला लिहिले होते, यांना नाही. ही बहुधा परमुलखातून येऊन इथे पोट भरणारीच माणसे, स्वतःच भाड्याच्या जागेत जमणारी. सात दिवस म्हणजे एक रविवार त्यात आलाच. त्या रविवारी भाकर मोडली गेली असेल तर ती त्या घरात, आणि शिपाई कुठेतरी दाराशी किंवा आत.

नंतर जेव्हा पौल रोमच्या वाटेला लागला, दोनशेहून अधिक किलोमीटरची ती चाल, तेव्हा रोमचे बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत आणि तीन उतारशाळांपर्यंत त्याला सामोरे आले. त्यांना पाहून पौलाला धीर आला, असे लूक लिहितो. एवढ्या वादळातून निभावलेल्या माणसालाही धीराची गरज होती! आणि तो येतो आहे हे रोमला कसे कळले? त्या सात दिवसांत कोणीतरी निरोप धाडला असला पाहिजे. निरोप धाडणाराही पुत्युलचाच.

काकांनी खिडकीतून बाहेर बघत विचारले, "त्या सहा घरांत मिळून माणसं किती?"

मावशींना पाठ होते, कारण त्यांतली चार मुले त्यांच्या वर्गात येतात. "मोठी तेरा, लहान नऊ. धाकटं एक आत्ता जूनमध्ये झालं, बाप्तिस्मा व्हायचाय. कुणाला विचारू म्हणत होती आई तिची, धर्ममाता कोण होणार?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी होय म्हटलं की. तुमच्या कमिटीला विचारायचं होतं काय?"

डब्यात बसलेले सगळे हसले, काकाही. मामांनी तोवर मनातल्या मनात बावीस माणसांचा तांदूळ धरला होता, आणि डाळ. मटण ठेवायचे की कोंबडी यावर रोम येईपर्यंत मावशींशी त्यांचे एकमत झाले नाही.

हॉलच्या अर्जावरची बैठक रविवार, १२ ऑक्टोबर रोजी मराठी मिस्सेनंतर लगेच, हॉलमध्येच आहे. कमिटीच्या सदस्यांबरोबर त्या सहा कुटुंबांनाही बोलावले आहे, आणि फादरांनी येण्याचे कबूल केले आहे. बोलणे हिंदीत होईल. आपल्यापैकी कुणाला सादरी येत असेल, किंवा रांची-गुमला भागात नोकरीनिमित्त राहिलेले कुणी असतील, तर त्यांनी थोडे लवकर यावे. जेवण मामांकडे आहे. येणाऱ्यांनी संख्या शुक्रवारपर्यंत मावशींकडे कळवावी.